शुगर लँडहून आबांस : दहा लाखांच्या जनरेटरचा खुलासा

शुगर लँड, टेक्सास
१ जून २०२५

तीर्थरूप आबांच्या चरणी थोरल्याचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपण स्वहस्ते लिहिलेले आणि धाकट्या भावाने फोटो काढून धाडलेले पत्र पावले. यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन ठेपल्यामुळे मळ्याच्या वाटेवरचा विजेचा खांब आडवा झाला, अंगणातला दिवा गेला, नेमक्या त्याच सुमारास उसाच्या बांधावर बिबट्याचे ठसे उमटले आणि तेव्हापासून आईने 'एक जनरेटर आणाच' असा तगादा आपल्यामागे लावला आहे, हा सर्व मजकूर ध्यानी आला. पत्राच्या अखेरीस आपण विचारता की, 'तू तिकडे जनरेटरवर दहा लाख रुपये घातलेस असे सूनबाईच्या बोलण्यात आले. त्या रकमेत इकडे ट्रॅक्टर येतो. तरी यामागे काय विचार केलास त्याचा तपशीलवार खुलासा यावा.' खुलासा मागण्याचा आपला अधिकार निर्विवाद असल्यामुळे, आणि येथील वादळांचा हंगाम सरकारी पंचांगाप्रमाणे आजच सुरू होऊन नोव्हेंबरअखेरपर्यंत चालावयाचा असल्यामुळे, हा विषय एकदाचा दप्तरी दाखल करून टाकावा या हेतूने सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले तर दोन बैठकांत वाचावे. मात्र आईला वाचून दाखविताना तुळशीचा मजकूर वगळू नये.

प्रथम या गावाविषयी. शुगर लँड हे नाव ऐकून आपण मागे एकदा येथील कारखाना टनाला काय भाव देतो अशी चौकशी केली होती. येथे १८४३ पासून साखरेचा उद्योग होता, पुढे इम्पीरियल शुगर या नावाने तो भरभराटीस आला, आणि २००३ साली साखर शुद्ध करण्याचे काम बंद पडले; आता कारखान्याची विटांची उंच इमारत तेवढी उभी आहे आणि ऊस औषधालाही सापडत नाही. निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर हे आपल्याकडचे कारखाने उसाचा रस काढून घेऊन उरलेल्या भुशावर वीजही करतात, म्हणजे एकाच उसाचे दोनदा पैसे करतात. येथे साखरही गेली आणि विजेची कथा आता सांगतो ती अशी आहे. टेक्सास हे अमेरिकेतील तेलाचे आणि वायूचे कोठार, आणि माझे पोटही त्याच धंद्यावर चालते. परंतु या राज्याने आपले विजेचे जाळे बव्हंशी स्वतंत्र राखले आहे. पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील राज्यांच्या जाळ्यांशी त्याचा संबंध भाऊबंदकीइतकाच, म्हणजे नाव एक, पण अडचणीच्या वेळी विशेष उपयोग नाही.

याचा प्रत्यय फेब्रुवारी २०२१ मध्ये आला. उत्तरेकडून असा गारठा उतरला की एरव्ही घाम पुसण्यात ज्याचे वर्ष सरते त्या ह्यूस्टनचा पारा शून्याखाली दहा अंशांवर गेला, वायूच्या विहिरी गोठल्या, पवनचक्क्या गोठल्या, वीजकेंद्रे एकामागून एक बंद पडली आणि ४५ लाखांहून अधिक घरे अंधारात गेली. नंतरच्या चौकशीत असे निष्पन्न झाले की संपूर्ण जाळे कोसळण्यास अवघी ४ मिनिटे ३७ सेकंद उरली होती, आणि ते कोसळते तर पुन्हा उभे करण्यास कित्येक आठवडे लागते. या चौकशीतील मला सर्वांत मार्मिक वाटलेले कलम असे की, वीज वाचविण्यासाठी ज्यांचा पुरवठा तोडण्याचा हुकूम झाला त्यांत वायू शुद्ध करून नळांतून पुढे ढकलणारी यंत्रेही होती, कारण ती अत्यावश्यक आहेत असा अर्ज त्यांच्या मालकांनी वेळेवर केलाच नव्हता. मग वायू नाही म्हणून वीज नाही आणि वीज नाही म्हणून वायू नाही, असे दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवीत थंडीत बसली. राज्याच्या अधिकृत मोजणीप्रमाणे त्या गारठ्यात २४६ माणसे दगावली, म्हणून थट्टा येथेच आवरतो. एवढेच म्हणतो की आपल्याकडील भारनियमनाला निदान वेळापत्रक होते. वीज कधी जाणार हे ठाऊक असल्यामुळे तिच्यावर रागावण्याची वेळही ठरवून ठेवता येत असे.

त्या वेळी घरातून जनरेटरची मागणी झाली, परंतु ऊन पडताच ती बारगळली. ती पुन्हा उचल खाऊन हुकमाच्या स्वरूपात आली ती गेल्या वर्षी. ८ जुलै २०२४ च्या पहाटे बेरिल नावाचे चक्रीवादळ माटागोर्डा येथे किनाऱ्यास लागले, झाडे तारांवर आडवी झाली, आणि २२ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. आता थंडी नव्हती, तर अंगावरचा सदरा पिळून काढावा असा दमट उकाडा होता. आपल्या सूनबाईच्या फ्रीझरचा त्या दिवशी मी पंचनामा केला, तो असा : हापूसच्या रसाचे डबे, वर्षप्रतिपदेपासून राखलेल्या पुरणपोळ्या, ओल्या नारळाचा चव, सोललेले मटार, कोथिंबीरवडीचे उंडे, आणि आईने गेल्या खेपेस स्वतः भाजून-कुटून दिलेले मासवडीचे सारण, जे सूनबाई 'काही विशेष प्रसंगी काढू' म्हणून पाहुण्यांच्या दृष्टीसही पडू देत नसे. तो विशेष प्रसंग निसर्गाने आणला. आसपासच्या सर्व देशी घरांत हीच अवस्था असल्यामुळे जो तो आपापले वितळू लागलेले वैभव घेऊन ज्याच्याकडे गॅसची शेगडी त्याच्याकडे धावला, आणि आषाढी तोंडावर आलेली असताना मेणबत्तीच्या उजेडात मासवडी, पुरणपोळी, शेजारच्या बंगाली बाबूंचा मासा आणि पलीकडल्या तेलंगणी मंडळींची बिर्याणी अशी पंगत बसली की तसे जेवण विजेच्या राज्यात आमच्या नशिबी कधी आले नव्हते. परंतु जेवणानंतर झोपायचे होते. मध्यरात्री केव्हातरी भिंतीकडे तोंड करून सूनबाईने 'पुढच्या जूनच्या आत' एवढेच उद्गार काढले, आणि मी समजलो.

यथावकाश विक्रेत्याचा माणूस आला. वीज गेल्यावर घरात काय काय चालले पाहिजे, असा त्याने पहिला प्रश्न टाकला. सूनबाई म्हणाली, 'सगळे.' या एका शब्दाची किंमत त्याने तेथल्या तेथे काढून दाखविली. खालच्या मजल्याचे चार टनी आणि वरच्या मजल्याचे तीन टनी वातानुकूलन, कपडे वाळविण्याचे यंत्र, विजेची भट्टी, विजेवरच्या मोटारीचे चार्जिंग, हे सर्व एकदम चालवावयाचे तर चाळीसएक किलोवॅटचे, मोटारीसारखे पाण्याने थंड होणारे धूड अंगणात आणून बसवावे लागते, आणि मग अंगण म्हणून काही राहत नाही. त्यातही वातानुकूलनाची गोम अशी की चालताना ते चार किलोवॅटच्या आसपास खाते, परंतु उठताना, क्षणभरच का होईना, त्याच्या चौपट-पाचपट प्रवाह मागते. हे समजावून सांगण्यास तो माणूस आलेख काढू लागला, तेव्हा मी त्यास थांबविले. आपल्या डीपीवरच्या शेतकऱ्यांनी रात्री थ्री फेज आल्याबरोबर एकदम स्टार्टर दाबले की फ्यूज कशी उडते आणि मग काळोखात बॅटरी घेऊन कोणी जायचे यावरून बांधाबांधावर कशी हाकाटी चालते, हे ज्याने बाळपणापासून ऐकले आहे त्यास आलेखाची गरज नाही. त्यावर येथे सॉफ्ट स्टार्टर नावाचा उपाय आहे; तो लावला की यंत्र हिसका न देता सावकाश उठते.

तरी लहान यंत्र घ्यावयाचे तर घरातील उपकरणांची उतरती यादी करावीच लागते, कारण भार वाढला की जनरेटरची यंत्रणा खालच्या क्रमांकाच्यांना आपोआप तोडीत जाते. यात्रेत घाटावर बैलगाड्यांच्या बाऱ्या लावताना यात्रा कमिटीवर जो प्रसंग गुदरतो, तो माझ्यावर माझ्याच स्वयंपाकघरात गुदरला : प्रत्येकाची गाडी पहिली, प्रत्येकाचा मान वडिलोपार्जित, आणि मागची बारी मिळाल्यास प्रत्येकजण जू खाली ठेवून निघून जाण्याच्या तयारीत. सूनबाईचा फ्रीझर निर्विवाद अग्रपूजेचा धनी ठरला. थोरल्या मुलीने आपल्या अभ्यासासाठी इंटरनेटवर हक्क सांगितला, आणि त्याशिवाय वादळाची बातमी तरी कशी कळणार, असे जनहिताचे कलम त्यास जोडले. धाकट्या मुलाने आपल्या खेळाच्या यंत्राचे नाव प्रत्यक्ष न घेता त्याच प्लगावर असलेल्या माशांच्या टाकीसाठी पदर पसरला आणि हवेचा पंप थांबून मासे मेल्यास ते पाप कोणाच्या माथी, असा सवाल टाकून सर्वांस निरुत्तर केले. मी देवघरातील विजेच्या समईचा विषय काढला, त्यावर समईत तेल घालता येते असा एकमुखी निकाल मिळाला.

शेवटी थोरलीने प्रत्येक वस्तूचे वॅट लिहून तक्ता मांडला, आणि तो वाचल्यावर सभेत शांतता पसरली. दिवे, पंखे, फ्रीज, फ्रीझर, इंटरनेट, मासे, दूरचित्रवाणी, फोनचे चार्जर, म्हणजे ज्या ज्या वस्तूवरून आमचे चार संध्याकाळी भांडण चालले होते, त्या सर्व मिळून दीड किलोवॅटच्या पलीकडे जात नव्हत्या. आणि ज्या वातानुकूलनाविषयी कोणी चकार शब्द काढला नव्हता, कारण ते असणारच असे सर्वांनी गृहीत धरले होते, ते एकटेच सात किलोवॅट गिळून बसले होते. घरोघरी असेच असावे. ज्याची सवय होते त्याचा खर्च कोणाच्या हिशेबात येत नाही. त्या तक्त्याच्या आधाराने अठरा किलोवॅटचे, हवेने थंड होणारे यंत्र ठरले; भट्टी आणि कपडे वाळविण्याचे यंत्र यादीतून कमी झाले, आणि पाहुण्यांच्या खोलीला गारवा देण्याचा ठराव आपण उभयतां दिवाळीनंतर येथे याल या अटीवर मंजूर झाला.

स्वस्तातले पेट्रोलचे यंत्र का घेतले नाही, असे आपण विचाराल. ते चाकांवरून ढकलता येते आणि किमतीने एक दशांशही नसते. परंतु वादळानंतर पेट्रोल पंपांनाच वीज नसते, म्हणून टाकीत पेट्रोल असून वर येत नाही. जेथे येते तेथे रांग लागते. शिवाय पाऊस लागतो म्हणून लोक असले यंत्र गॅरेजात चालवितात आणि त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडने, ज्यास ना वास ना रंग, रात्रीतून घरची माणसे गारद होतात. दर वादळानंतर येथे असे बळी जातात. म्हणून घरात येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या नळावर चालणारे, जागच्या जागी बसविलेले यंत्र घेतले. फेब्रुवारी २०२१ प्रमाणे वायूचा दाबच उतरला तर काय, असे मी विक्रेत्यास विचारले. त्याने घड्याळाकडे पाहिले आणि पुढची भेट असल्याचे सांगितले.

यंत्र ठरले; जागा ठरेना. नियम असा की खिडकी-दारापासून पाच फूट दूर, भिंतीपासून हातभर अंतर, माथ्यावर फांदी नको, पुराच्या पातळीच्या वर चौथरा हवा, आणि रस्त्यावरून ते दिसता कामा नये. या अखेरच्या कलमाचा मालक आमच्या वसाहतीची समिती. कोणाच्या दाराला कोणता रंग असावा आणि गवत किती बोटे वाढावे याचा निवाडा करणारी ही संस्था जनरेटरला सरसकट बंदी करू शकत नाही, कारण २०१५ साली टेक्सासच्या विधिमंडळाने तसा कायदाच करून ठेवला आहे. परंतु तो कोठे बसवावा, कशाआड झाकावा याबाबत अटी घालण्याची मुभा त्याच कायद्याने तिला दिली आहे, आणि मिळालेली मुभा वाया घालविणे हे कोणत्याही समितीच्या स्वभावात नसते. नकाशा जोडला, यंत्राच्या रंगाचा नमुना जोडला, दर्शनी बाजूस लावावयाच्या झुडपांची नावे जोडली. नगरपालिकेकडे विजेचा अर्ज निराळा आणि वायूच्या नळाचा निराळा. वायू कंपनीकडे मोठ्या मीटरची मागणी आणखी निराळी. आपल्या सात-बाऱ्यावरची चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्यास आपण जी वर्षे तलाठ्याच्या चावडीत काढलीत त्यांची आठवण होऊन माझा धीर टिकला.

सर्व नियमांत बसणारी जागा परसात एकच निघाली, आणि तेथे तुळस होती. ही तुळस आईने पहिल्या खेपेस स्वतः लावलेली, येथल्या गारठ्यात दर हिवाळ्यास गॅरेजात नेऊन जगविलेली, आणि तिच्या कठड्यावर विटकरी रंगाने सूनबाईने स्वहस्ते स्वस्तिक काढलेले. बसविणारा कारागीर मेक्सिकोकडचा, वयाने पोक्त. त्याने फीत लावली, कुंडीकडे बोट दाखविले आणि ती सरकवावी लागेल असे विनयाने सांगितले. सूनबाई दारात येऊन उभी राहिली, एक अक्षर बोलली नाही. त्याने तिच्याकडे पाहिले, कुंडीतल्या उदबत्तीच्या काड्यांकडे पाहिले, डोक्यावरची टोपी काढली, आणि फीत उचलून घराच्या पार पलीकडच्या बाजूस निघून गेला. तुळस हलली नाही, जनरेटर हलला. त्यामुळे वायूचा नळ घराला अर्धा वळसा घालून न्यावा लागला, आणि नळ लांबला की शेवटी दाब पुरावा म्हणून तो जाडही घ्यावा लागतो, हे त्या कारागिराने मला बिलाच्या वेळी समजावून दिले. दहा लाखांत जी रक्कम आपणास अधिक वाटते तिच्यापैकी काही भाग तुळशीच्या खात्यावर आहे; आईने तो मंजूर करावा.

आवाजाविषयी. सात मीटरांवरून पासष्ट डेसिबेल, म्हणजे दोन माणसे बोलत असल्याइतका, असे विक्रेत्याने सांगितले. आपल्या घरात दोन माणसे बोलतात तेव्हा तो किती होतो हे त्यास ठाऊक नव्हते. माझे कान आपल्या विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनावर तयार झालेले. खडकीस १९४६ साली निघालेल्या त्या कारखान्याच्या इंजिनांनी आपल्या भागातील मोटा सोडविल्या, त्यांतले आपले एक. आपण हँडल घालून प्रथम जड हाताने फेरे देत असा, चाकाने वेग धरला की डीकॉम्प्रेशनची कळ पाडीत असा, आणि मग ते एक ढेकर देऊन काळ्या धुराची वर्तुळे सोडीत फट्‌फट् सुरू होई. त्याच्या अंगातून फिरून कोमट झालेले पाणी ज्या नळीतून पडे तिच्याखाली पौष महिन्यातली आम्हा भावंडांची अंघोळ होई. आमचा येथील डबा मिनिटाला तीन हजार सहाशे फेरे घेतो, कारण या देशातील वीज सेकंदाला साठ आवर्तनांची. त्याचा सूर सतत आणि किंचित नाकातला आहे. तो दर आठवड्यास ठरल्या वेळी काही मिनिटे आपोआप सुरू होऊन स्वतःची तालीम करून घेतो, आणि त्या वेळी मला विहीर न आठवता नारायणगावचे तमाशाचे फड आठवतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांच्या त्या गावाहून फड निघे तेव्हा कपड्यांच्या पेट्यांबरोबर त्याचा जनरेटरही निघे. एके काळी टेंभ्यांवर आणि पुढे गॅसबत्त्यांवर चालणारा खेळ त्याच्या जिवावर चाले. भारनियमनाच्या दिवसांत सारे गाव काळोखात बुडालेले असता पंचक्रोशीत उजेड एका कनातीच्या आत असे, आणि तो तिकीट काढून पाहावा लागे.

परवा सायंकाळी मेघगर्जनेसह पाऊस आला आणि वीज गेली. घरातले सगळे जेथल्या तेथे थांबले. तार मेली आहे याची खात्री करून घेण्यास यंत्रणा काही सेकंद घेते, मग इंजिन उठते, वेग धरते, आणि त्यानंतर बदलीचा स्विच घराला बाहेरच्या तारेपासून तोडून जनरेटरकडे वळवितो. थोरली मोठ्याने आकडे मोजू लागली, आणि पंधराच्या आतच दिवे लागले. सर्वांनी आपापल्या मानकऱ्याची पाहणी केली; मासे जिवंत होते. खिडकीबाहेर अख्खी गल्ली अंधारात होती. थोड्याच वेळात दार वाजले, शेजारची मुले फोन चार्ज करावयास आली, मागून त्यांचे आईबाप मुलांना न्यावयास आले, आणि सूनबाईने चहाचे आधण ठेवले. पंगत मात्र बसू शकली नाही, कारण कोणाचाच फ्रीझर अद्याप वितळला नव्हता. तासाभरात वीज परत आली आणि खरे सांगावयाचे तर घरात थोडी निराशाच पसरली.

आता आपल्या जनरेटरविषयी. अवसरीचे मामा तमाशाच्या फडातला जुना जनरेटर पडत्या भावात देववितो म्हणतात, तो घेऊ नये. ते धूड पन्नास दिव्यांसाठी आणि कर्ण्यांसाठी घडविलेले. आपल्या अंगणातील दोन दिव्यांनी त्याचे पोट भरणार नाही. डिझेलचे इंजिन सदोदित अगदी कमी भारावर चालविले तर ते पुरते तापत नाही, इंधन अर्धवट जळते, आणि धुराड्यात काजळी व कच्चे तेल साचून काही दिवसांत ते काळे पाणी ओकू लागते. मामांचा मान राखून नकार कळविणे आईकडे सोपवावे.

दिवे आणि पाणी यांची गरज निरनिराळी धरावी. घरातील दिवे, पंखे आणि अंगणातील दिवा एवढ्यासाठी इन्व्हर्टर आणि दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी पुरे. दोनशे वॅटचा भार ती पाच-सहा तास ओढील, आणि खांब दोन-दोन दिवस आडवा राहतो म्हणून पत्र्यावर सौर तावदान बसवून बॅटरी त्यावर भरण्याची सोय करावी. अंगणाला उजेड असला म्हणजे बिबट्या येत नाही असे मात्र समजू नये. उजेडात तो आपल्याला दिसतो, एवढाच फायदा. विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या मोटारीचे काम वेगळे. रात्रपाळीची वीज आणि उसातला बिबट्या यांच्या कात्रीत जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारी तालुक्यांतील शेतकरी सापडला आहे आणि म्हणूनच दिवसा वीज द्या असे तो सांगतो आहे. तोवर दिवसा पाणी काढावयाचे तर थ्री फेजचा साडेबारा केव्हीए तरी डिझेल जनरेटर लागेल. तासाला दोनएक लिटर डिझेल जाळून उसाला पाणी देणे परवडणार नाही; फार तर ठिबकवरचे टोमॅटो वाचविण्यापुरते परवडेल. त्यापेक्षा ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारा अल्टरनेटर पाहावा. त्या रकमेत ट्रॅक्टर येतो हे आपले म्हणणे मला मान्यच आहे, आणि आपल्याकडे तो आहे. घ्यावयाचे इंजिन डिझेलचेच असावे याला आपल्या बाबतीत आणखी एक कारण आहे. मळा खोडदच्या वाटेवर; तेथील रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आसपासच्या शिवारांत आकाशातील अतिक्षीण रेडिओलहरी ऐकत बसलेल्या, आणि पेट्रोल इंजिनाच्या प्लगातील ठिणगी त्याच प्रकारची कुजबुज करते. डिझेलला ठिणगी नाही. विश्वाची वार्ता ऐकणाऱ्यांच्या कानाशी आपण कशाला बोलावे?

सर्वांत महत्त्वाचे असे की काहीही घ्या, परंतु चेंजओव्हर स्विच बसविल्यावाचून ते घराच्या वायरिंगला जोडू नये. धाकट्या भावाने दोन्हीकडे पिन असलेली वायर करून प्लगातून वीज देण्याची युक्ती सुचविली आहे असे कळते. ती त्याने विसरावी. घरात अशी वीज सोडली आणि मेन स्विच चालू राहिला तर ती उलटी तारेवर जाते, डीपीत शिरून अकरा हजार व्होल्टांची होते, आणि पलीकडे खांबावर चढलेला वायरमन, तार मेली आहे या भरवशावर हात लावतो. त्याची बायको त्याच्या जेवणाचा डबा भरून वाट पाहत असते, एवढे धाकट्यास सांगावे. अधिक सांगण्याची गरज पडू नये. इंजिन ओसरीवर वा बंद खोलीत ठेवू नये. पावसाचे निमित्त सांगितले तरी ठेवू नये. वेगळी पत्र्याची छपरी करावी, चारी बाजूंनी वारा खेळता ठेवून.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञांकित,
थोरला

ता. क. - खंडेनवमीस यंत्राची पूजा करणार काय, असे आईने विचारले आहे. करणार. मात्र समितीने यंत्राचा जो रंग मंजूर केला आहे तो झेंडूच्या हाराने झाकला गेल्यास अर्ज करावा लागतो की कसे, याविषयी नियमांत काही आढळत नाही. तरी खबरदारी म्हणून हार मागल्या बाजूने घालण्याचे योजिले आहे.